रेकॉर्डवरचे जादूचे क्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बरीच वर्षं रेकॉर्ड जमवते आहे आणि त्यांतल्या आवडत्या जागांबद्दल जमेल तिथे बोलत असते, त्यामुळे प्रश्न येतच राहतात. पुन्हा पुन्हा आलेले इथे घेतले आहेत. सुरुवातीला सोपे आहेत, पुढे गुंत्याचे. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागली तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'जादूचा क्षण' म्हणता, म्हणजे नक्की काय?

ध्वनिमुद्रणातली अशी जागा, जिथे गाणं क्षणभर मागे सरतं आणि गाणारा माणूस, त्याचा श्वास किंवा तो जिथे बसला आहे ती खोली एकदम समोर येते. गवयाने 'जागा घेतली' असं आपण म्हणतो, तेव्हा ते त्याचं कसब असतं. मी म्हणते तो क्षण पुष्कळदा कलाकाराच्याही हातात नसतो. तो घडतो आणि तेव्हा यंत्र चालू असतं.

ओळखायची माझी खूण साधी आहे. दहाव्यांदा ऐकतानाही त्या जागी हातातलं काम थांबलं, तर तो क्षण खरा. पहिल्यांदा थांबतं ते नवलाईनेही थांबू शकतं.

२. एकच उदाहरण द्या, लगेच ऐकून पाहता येईल असं.

रोलिंग स्टोन्सचं 'गिमी शेल्टर', १९६९. मेरी क्लेटन या गायिकेला रात्री उशिरा बिछान्यातून उठवून स्टुडिओत बोलावलं होतं. ती गरोदर होती, केसांना कर्लर तसेच होते. तिने आपली ओळ वरच्या पट्टीत गायली, पुन्हा गायली, आणखी ताकद लावून पुन्हा गायली. गाणं तीन मिनिटांच्या आसपास पोचतं तेव्हा 'मर्डर' या शब्दावर तिचा आवाज चिरतो. फाटत नाही, चिरतो. धारदार पात्याने कापड उभं जावं तसा. लगेच मागून मिक जॅगरचा एक उद्गार ऐकू येतो. त्यालाही ते अनपेक्षित होतं, हे त्या उद्गारातून कळतं. तो पुसून टाकता आला असता. त्यांनी तो राहू दिला.

हे गाणं रेकॉर्डच्या पहिल्या बाजूवर अगदी सुरुवातीला आहे. त्याचा फायदा काय, ते प्रश्न ८ मध्ये सांगितलं आहे.

३. पण ही तर चूक झाली. चुकीला जादू का म्हणायचं?

सगळ्या चुकांना म्हणत नाही. सूर चुकला, ठेका घसरला, टेप वाईट जोडली गेली, तर ती नुसती चूक असते. जिच्यामुळे आपल्याला काहीतरी नवं कळतं, ती चूक मला हवी असते.

एला फिट्झजेराल्ड फेब्रुवारी १९६०मध्ये बर्लिनला हजारो लोकांसमोर 'मॅक द नाइफ' गात होती. मध्येच शब्द विसरली. थांबली नाही. पुढचं आठवत नाही हेच तिने चालीत बसवून गायलं, जागच्या जागी ओळी रचल्या, वर लुई आर्मस्ट्राँगच्या घोगऱ्या आवाजाची नक्कलही केली. शब्द पाठ असते तर एक उत्तम गाणं झालं असतं. विसरल्यामुळे तिच्या अंगात संगीत किती खोल मुरलं होतं ते जगाला कळलं. त्या गाण्यासाठी तिला ग्रॅमी मिळालं.

अल कूपर हा गिटारवादक १९६५मध्ये बॉब डिलनच्या 'लाइक अ रोलिंग स्टोन'च्या वेळी खरं तर पाहायला म्हणून आला होता आणि गुपचूप ऑर्गनवर जाऊन बसला. वाद्य सरावाचं नव्हतं, म्हणून बाकीच्यांचा स्वर ऐकून मगच तो आपला स्वर दाबत होता. त्यामुळे ऑर्गन सतत किंचित मागून येतो. ते मागून येणंच आज त्या गाण्याचा चेहरा आहे. आणि पोलीस या बँडच्या 'रॉक्सॅन'च्या सुरुवातीला पियानोचे काही बेसूर स्वर आणि एक हसू ऐकू येतं, ते स्टिंग चुकून पियानोच्या पट्ट्यांवर बसल्यामुळे. हा क्षण लहानसा आहे, पण गाणं इतकं ताणलेलं असताना दाराशी ते हसू असणं मला फार आवडतं.

४. हेच मोबाइलवर ऐकलं तर जादू नाहीशी होते का?

नाही. मेरी क्लेटनचा आवाज कशावरही चिरतोच. रेकॉर्डवर ऐकलं तरच खरं, असं मी कुणाला सांगत नाही.

रेकॉर्डची देणगी वेगळी आहे. तिला बाजू असतात. एका बाजूवर साधारण २० ते २२ मिनिटं नीट मावतात, मग उठून ती उलटावी लागते. पिंक फ्लॉइडच्या १९७३च्या 'द डार्क साइड ऑफ द मून'ची पहिली बाजू क्लेअर टोरीच्या शब्दाविना गाण्यावर संपते. ती आक्रोश करते, विनवते, दमते आणि शांत होते. मग सुई मध्यावर जाऊन फिरत राहते. खोलीत काहीच नसतं. तुम्ही उठता, तबकडी उलटता, सुई ठेवता, आणि मगच पुढच्या गाण्यातली नाणी खणखणतात. मोबाइलवर ती नाणी लगेच येऊन आदळतात. मधली ती शांतता कुणी वाजवलेली नाही, पण तिच्याशिवाय मला ते गाणं अर्धं वाटतं.

याची उलट बाजूही मान्य करायला हवी. पियानोवादक कीथ जॅरेटच्या 'कोलोन कॉन्सर्ट'चा दुसरा भाग म्हणजे सलग वाहणारं उत्स्फूर्त वादन, आणि दोन तबकड्यांच्या संचात ते बाजू संपली म्हणून मध्येच तोडावं लागलं. तिथे रेकॉर्डची मर्यादा आड येते. त्या मैफलीबद्दल आणखी प्रश्न १२ मध्ये.

५. क्षण कुठे आहे ते माहीत असेल तर थेट तिथेच सुई ठेवावी का?

माझं मत ठाम आहे: ठेवू नका. तबकडीची काळजी हे त्याचं एक कारण. हाताने अंदाजाने सुई टेकवली की ती घसरते, आणि त्याच जागी वारंवार टेकवली तर तिथलीच खाच दुखावते. पण मुख्य कारण कानाचं आहे. क्लेटनचा आवाज चिरतो तेव्हा अंगावर काटा येतो, कारण आधीची तीन मिनिटं ताण चढत गेलेला असतो. तीच दोन सेकंदं उचलून ऐकली तर नुसती किंकाळी उरते. क्षणाच्या आधी वाट पाहावी लागते, आणि ती वाट पाहणं त्या क्षणाचाच भाग आहे.

ही जागा डोळ्यांनी मात्र जरूर पाहा. तबकडी दिव्याखाली तिरकी धरा. शांत भाग काळाभोर आणि गुळगुळीत दिसतो, मोठ्या आवाजाचा भाग करडा, खडबडीत चमकतो. एखाद्या सिंफनीची बाजू अशी धरली की वादळ कुठे आहे ते ऐकण्याआधी दिसतं. सुई त्या करड्या पट्ट्याकडे सरकत असताना बसून राहणं मला अजूनही अवघड जातं.

६. नेमक्या शांत जागी तडतड होते आणि क्षण जातो. काय करावं?

आधी सुईचं टोक मऊ ब्रशने मागून पुढे, म्हणजे आर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) बाजूकडून आपल्याकडे, साफ करा. तबकडी प्रत्येक वेळी कार्बन फायबरच्या ब्रशने पुसा. चिकट घाण असेल तर ओली सफाई करा आणि शेवटचं पाणी डिस्टिल्ड वापरा. सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई जिच्यात बसवलेली असते त्या डबीच्या) कंपनीने दिलेल्या मर्यादेत ठेवा. 'कमी भार म्हणजे कमी झीज' असं समजून पुष्कळजण तो फार उतरवतात. मग सुई खाचेत नीट बसत नाही, भिंतींवर आपटते आणि जास्त नुकसान करते.

एवढं करूनही तडतड एका ठरावीक तालात येत राहिली तर तो ओरखडा आहे. तो जात नाही.

७. गाणं सुरू व्हायच्या आधीच ते पुसटसं ऐकू येतं. माझी रेकॉर्ड खराब आहे का?

बहुधा नाही. याला पूर्वप्रतिध्वनी म्हणता येईल. मूळ तबकडी कापताना शेजारच्या खाचेतला मोठा आवाज मधली पातळ भिंत किंचित ढकलतो, आणि आधीच्या शांत फेऱ्यात त्याची सावली उमटते. मूळ टेपवरही असंच होतं: गुंडाळून ठेवलेल्या टेपचा एक थर शेजारच्या थरावर आपला ठसा सोडतो.

दोन्हींतला फरक घड्याळाने कळतो. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांचा असतो. सावली आणि खरा आवाज यांत बरोबर तेवढंच अंतर असेल तर तो खाचेचा खेळ, नसेल तर टेपचा.

एक अपवाद सांगायलाच हवा. लेड झेपेलिनच्या 'होल लॉटा लव्ह'मध्ये शेवटाकडे रॉबर्ट प्लांटचा आवाज खऱ्या आवाजाच्या आधी दुरून येतो. तो टेपवर झिरपलेला, टाकून दिलेल्या गायनाचा अंश होता. काही केल्या जाईना, तेव्हा त्याच्यावर घुमारा चढवून त्यांनी तो मुद्दाम ठेवला. तो ऐकून रेकॉर्ड बदलून घेऊ नका.

८. बाजूच्या शेवटच्या गाण्यात आवाज फाटतो. दोष सुईचा की रेकॉर्डचा?

थोडा दोघांचा, पण मुळात भूमितीचा. तबकडी एकाच गतीने फिरते, मात्र बाहेरच्या कडेला एका फेऱ्यात सुईखालून खूप लांब खाच जाते आणि आत तोच फेरा आखूड होतो. बाहेर सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर, आतल्या टोकाला सुमारे २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो, म्हणून उंच स्वर आणि 'स', 'श' तिथे आधी बिघडतात. कार्ट्रिज पट्टीने मोजून नीट बसवलं तर बराच फरक पडतो.

'गिमी शेल्टर' बाहेरच्या कडेला आहे, म्हणून तिथे ती चीर स्वच्छ येते. बीटल्सचं 'ट्विस्ट अँड शाउट' मात्र त्यांच्या पहिल्या एलपीवर, म्हणजे ३३⅓च्या मोठ्या तबकडीवर, अगदी आत, दुसऱ्या बाजूच्या टोकाला आहे. ११ फेब्रुवारी १९६३ला दिवसभरात दहा गाणी ध्वनिमुद्रित झाली आणि हे सगळ्यांत शेवटी. जॉन लेननला सर्दी होती, घसा सोललेला होता, अंगातला शर्ट त्याने काढून टाकला होता. पहिलाच टेक रेकॉर्डवर आहे. दुसरा करून पाहिला, पण आवाज उरलाच नव्हता. घशाचा खरखरीतपणा कुठे संपतो आणि खाचेचा कुठे सुरू होतो, हे माझ्या प्रतीवर सांगता येत नाही.

आतल्या टोकाचा सर्वांत सुंदर वापर बीटल्सच्याच 'अ डे इन द लाइफ'मध्ये झाला आहे. २२ फेब्रुवारी १९६७ला अनेक पियानोंवर एकदम दाबलेला शेवटचा ई मेजरचा स्वरसमूह ४० सेकंदांहून जास्त विरत जातो. आवाज मावळत होता तसतसे तंत्रज्ञ पातळी वर चढवत होते. शेवटी ती इतकी वर गेली की स्टुडिओतली खुर्ची करकरलेली ऐकू येते. मला त्या भव्य स्वरापेक्षा ती खुर्ची प्रिय आहे. सगळेजण श्वास रोखून बसले आहेत आणि कुणाचं तरी अंग किंचित हललं आहे. त्यानंतर १५ किलोहर्ट्झचा एक अतिउंच स्वर आहे आणि मग, सुई उचलली नाही तर, मधल्या बंद खाचेत बडबडीचा एक तुकडा फिरतच राहतो.

९. लाइव्ह रेकॉर्डवरच्या टाळ्या खऱ्या असतात का?

नेहमी नाही. जॉनी कॅशने १३ जानेवारी १९६८ला फॉलसमच्या तुरुंगात कैद्यांसमोर गायलं. माणूस मारल्याच्या ओळीवर उठणारा आनंदाचा चीत्कार नंतर जोडलेला आहे. प्रत्यक्षात कैदी तिथे जपून वागत होते. हे कळल्यावर मला वाईट वाटलं होतं. आता मी त्या ओळीवर जोडलेल्या चीत्काराखालची शांतता कल्पनेने ऐकते.

ड्यूक एलिंग्टनच्या न्यूपोर्टच्या मैफलीचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं आहे. ७ जुलै १९५६च्या रात्री पॉल गोन्साल्विसने सॅक्सोफोनवर सलग २७ आवर्तनं वाजवली आणि लोक खुर्च्यांवरून उठले. पण तो दुसऱ्याच मायक्रोफोनसमोर उभा होता, व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओच्या. त्यामुळे एलपीवर तो दूर वाटतो. शिवाय त्या एलपीचा बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून वर टाळ्या चढवलेला होता. व्हॉइस ऑफ अमेरिकाची टेप सापडल्यावर दोन्ही जुळवून १९९९मध्ये खरी मैफल बाहेर आली. मी दोन्ही ऐकते. जुन्या एलपीवर त्या लांबून येणाऱ्या सॅक्सोफोनभोवती गर्दी फुगत जाते, आणि तो भाग खरा आहे.

खऱ्या टाळ्यांमधला माझा लाडका क्षण १ ऑगस्ट १९७१चा, बांगलादेशासाठी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झालेल्या कार्यक्रमातला. रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्यं जुळवत होते. ती थांबली तशा टाळ्या कडाडल्या. रविशंकर हसून म्हणाले, जुळवणं इतकं आवडलं असेल तर वादन आणखी आवडेल अशी आशा आहे. तीन तबकड्यांच्या संचात ते जपलं आहे. त्या टाळ्यांना हसू नये असं मला मनापासून वाटतं. सतारीच्या तारा सुरात येताना जो उजेड पडतो, तो त्या लोकांना ऐकू आला होता.

१०. ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) जुन्या तबकड्यांवर तीन मिनिटांत कसली जादू होणार?

तिथेच जास्त. नोव्हेंबर १९०२मध्ये कलकत्त्यात फ्रेड गैसबर्ग या ध्वनिमुद्रकाने गायिका गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. शेवटी ती उंच, खणखणीत आवाजात इंग्रजीत आपलं नाव सांगते. कारण व्यवहाराचं होतं: तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या आणि तिथल्या कामगारांना कोणती कोणाची हे कळायला हवं होतं. पण आज ऐकताना ते लेबल वाटत नाही. एक बाई कर्ण्यात तोंड घालून आपण इथे होतो असं सांगते आहे.

याच गैसबर्गने त्याच वर्षी मिलानला कारुसोला मुद्रित केलं होतं. आणि १६ जानेवारी १९३८ला ब्रुनो वॉल्टरने व्हिएन्नात माहलरची नववी सिंफनी सादर केली तेव्हा मुद्रण करणाराही तोच होता. त्या ७८च्या तबकड्यांवर श्रोत्यांचे खोकले आहेत. दोन महिन्यांत हिटलरचं सैन्य व्हिएन्नात शिरलं आणि वॉल्टरला ते शहर दुरावलं. ते खोकणारे लोक पुढे कुठे गेले, हा विचार मला कधीच टाळता येत नाही.

तीन मिनिटांची ताकद बघायची तर दोनच तबकड्या ऐका. आर्मस्ट्राँगचं १९२८चं 'वेस्ट एंड ब्लूज', सुरुवातीला एकट्या ट्रंपेटची उडी. आणि अब्दुल करीम खाँची भैरवीतली 'जमुना के तीर'. घड्याळ डोक्यावर असताना इतका संथ, ओला सूर लावता येतो, यावर तबकडी संपल्यावरही विश्वास बसत नाही.

११. प्रत वेगळी असली तर क्षणही वेगळा होतो का?

होतो. माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'साठी २ मार्च १९५९ला मुद्रण करताना टेपचं यंत्र किंचित हळू चाललं. नेहमीच्या गतीने वाजवल्यावर पहिली बाजू थोडी जलद आणि चढी झाली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तशीच ऐकली गेली. १९९२च्या आवृत्तीपासून गती दुरुस्त झाली. बरोबर कोणती ते स्पष्ट आहे. तरी ज्यांनी चढी ऐकून जीव लावला त्यांना दुरुस्त प्रत सुरुवातीला उदास वाटते. मलाही वाटली.

बीटल्सच्या मोनो आणि स्टिरिओ प्रतीही वेगळ्या आहेत. 'शीज लीव्हिंग होम' मोनोवर जलद आणि उंच पट्टीत आहे. 'हेल्टर स्केल्टर'च्या शेवटी बोटांना फोड आल्याची रिंगोची ओरड स्टिरिओवर आहे, मोनोवर नाही. त्यामुळे 'माझ्या प्रतीत तो क्षण नाहीच' असं कुणी लिहिलं तर मी आधी लेबल बघायला सांगते.

१२. जादू ध्वनीत असते की त्यामागच्या गोष्टीत?

सर्वांत अवघड प्रश्न हाच. माझा नियम असा की आधी ऐकायचं, मग वाचायचं. कोलोनला २४ जानेवारी १९७५ला जॅरेटसमोर भलताच, छोटा, वरच्या पट्ट्यांत पातळ वाजणारा पियानो आला होता. त्याने मधल्या पट्ट्यांवर भर दिला आणि डाव्या हाताचे ठेके धरून ठेवले. हे माहीत नसतानाही ते ठेके तुम्हाला ओढून नेतात. गोष्ट नंतर कळते आणि त्यात भर पडते.

बिल एव्हान्सच्या त्रिकुटाचं २५ जून १९६१चं व्हिलेज व्हॅनगार्डमधलं वादन घ्या. पियानो जवळजवळ कुजबुजत असतो आणि मागे ग्लास किणकिणतात, कुणीतरी बोलतं, हसतं. रविवार आहे, लोक आपापल्या टेबलांवर आहेत. मी ते वर्षानुवर्षं केवळ एक सुंदर खोली म्हणून ऐकलं. मग कळलं की बास वाजवणारा स्कॉट लाफारो त्यानंतर ११ दिवसांनी मोटार अपघातात गेला. तेव्हापासून ग्लासांचा आवाज आला की मला त्या लोकांना सांगावंसं वाटतं, जरा गप्प बसा, ऐका. ध्वनी तोच आहे.

१३. तुकडे जोडून केलेल्या गाण्यात खरा क्षण असूच शकत नाही ना?

असू शकतो. बीटल्सच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर'मध्ये दोन वेगळे टेक आहेत, वेगळ्या पट्टीतले, वेगळ्या लयीतले. टेपची गती बदलून ते एक मिनिटाच्या आसपास जोडले आहेत. त्या सांध्यावर आवाज दाट होतो, जमीन किंचित सरकते. प्रश्न ३ मध्ये वाईट जोडाला मी नुसती चूक म्हटलं. इथे कात्री चालवणाऱ्याचा कान हाच कलाकार आहे. पियानोवादक ग्लेन गूल्ड तर टेप जोडण्याचा उघड पुरस्कर्ता होता, आणि त्याच्याच बाखच्या रेकॉर्डवर तो वाजवताना गुणगुणलेलं स्पष्ट ऐकू येतं. जोडकामातूनही माणूस निसटून बाहेर येतोच.

१४. रेकॉर्डवर नसलेला क्षण आवडता असू शकतो का?

माझा आहे. पियानोवादक दिनू लिपाट्टी १६ सप्टेंबर १९५०ला फ्रान्समधल्या बेझाँसाँला शेवटची मैफल करायला बसला. तो ३३ वर्षांचा होता, आजार शेवटच्या टप्प्यावर होता. शोपँचे १४ वॉल्ट्झ ठरले होते. १३ झाले. चौदावा वाजवण्याएवढं बळ उरलं नाही. रेकॉर्डवर १३च आहेत. तेराव्यानंतर सुई मध्याकडे सरकते तेव्हा मी ती लगेच उचलत नाही. थोड्या वेळाने तो पुन्हा पियानोपाशी आला आणि बाखची एक छोटी रचना वाजवून गेला. ती त्या तबकडीवर नाही.